दावणीबाहेरचा आकडा

घरात कोणी नुसता आकडा बोललेला त्रिंबकला खपत नसे. इंद्रायणीनं आतून विचारावं, "तांदूळ किती टाकू, दोन?" की बाहेरच्या खोलीतून प्रश्न यायचाच, "दोन काय? वाट्या, मुठी, का दाणे?" ती वैतागायची. लग्नाला दहा वर्षं झालेली बायको दोन म्हणते तेव्हा वाट्याच असतात, एवढं इंजिनिअर माणसाला कळू नये? कळायचं त्याला. पण खोड ती खोड. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्रिंबकची जिवंतपणीच गेली, आणि जाताना एकटी गेली नाही.

त्रिंबक भोकरदनकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकलेला. इंद्रायणी तीर्थपुरीजवळच्या गावातली, दहावी झालेली. १९८३ साली लग्न ठरलं तेव्हा नवरीला चपला घ्यायच्या म्हणून तिच्या आईनं तिचं पाऊल ओसरीवर टेकवून घेतलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत कडब्याची काडी मोडली आणि मध्यस्थाबरोबर सासरी धाडली. गावोगाव तशीच रीत होती. ती काडी खिशात घालून त्रिंबक स्वतः जालन्याच्या दुकानात गेला होता. पुढं कितीतरी वर्षं तो ही गोष्ट रंगवून सांगायचा.

"दुकानदार म्हणे, नंबर सांगा. म्या म्हणलं, नंबर न्हाई, लांबी आणली हाय. चपलेचा नंबर म्हंजे इंच न्हाई का सेंटिमीटर न्हाई. बिलकुल बेवारशी आकडा. तो हसून राह्यला, म्या चिडून राह्यलो."

चपला मात्र पायात बराबर बसल्या. त्यानंतर दर दिवाळीला तोच तिच्या चपला आणायचा. काडी पुन्हा कधी लागली नाही आणि इंद्रायणी त्या दुकानाची पायरी कधी चढली नाही. पायात येतं ते घालायचं, एवढाच तिचा चपलेशी संबंध.

नव्वदच्या आसपास जालन्यात लोखंडाचे कारखाने भराभर उभे राहायला लागले. कारखाना म्हटला की पत्र्याचं मोठं शेड आलं, शेड म्हटलं की खांब-तुळयांचं गणित आलं. त्रिंबकनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला, सकाळी पोरांचा टायपिंगचा क्लास आणि दुपारनंतर शेडांची आणि उंच पाण्याच्या टाक्यांची गणितं. गणितं त्याची, टायपिंग इंद्रायणीचं. मराठी टायपिंग ती त्याच्याकडूनच शिकली आणि लग्नपत्रिका करायला लागली. लग्नसराईत घर तिच्या पत्रिकांवर चालायचं, आणि हे त्रिंबक कोणापुढंही सांगायचा, मिशीला पीळ न देता.

पण त्याचा जीव अडकला होता वेगळ्याच गोष्टीत. जेवताना तो तिला समजावायचा आणि ती भाकरी थापता थापता ऐकायची.

"हे बघ, खांबाच्या टोकाला दोन गोष्टी होतात. ते सरकतं, आन वळतं बी. सरकणं मिलिमीटरात, वळणं कोनात. लोक काय करून राह्यले? दोन्ही आकडे एका रांगेत कोंबून राह्यले. रांग मुकाट्यानं घेती. मंग मॅट्रिक्स, म्हंजे आकड्यांचा चौकोन, तो बी मुकाट्यानं घेतो. गणित बराबर सुटतं आन उत्तर चुकतं."

"मंग आकड्यासंगं नाव लिहायचं ना."

"तेच तर. नाव लिहिणारे प्रोग्रॅम हायेत, पण त्यहिला एकएकटा आकडा कळतो. रांग दिली की म्हणतात, समदे एकाच मापाचे आणा. रांगावाल्यांला माप कळत न्हाई, मापवाल्यांला रांग कळत न्हाई. दोघांचं लगीन लावायचं हाय मला."

हे लग्न जमवण्यात त्याची पाच-सहा वर्षं गेली. दुसऱ्या प्रोग्रॅमवाल्यांनी उचलून आपल्या कामात वापरावा असा तयार कोडचा गठ्ठा असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. त्रिंबकनं आपल्या लायब्ररीचं नाव ठेवलं 'दावण'. दावणीला बैल, गाय, कालवड सगळी एकाच दोरीला असतात, पण कोणाचा खुंटा कोणता ते ठरलेलं असतं. बैलाच्या खुंट्याला कोणी कालवड बांधायला गेलं तर दावणीनंच ओरडलं पाहिजे, आणि तेही प्रोग्रॅम चालू व्हायच्या आधी. शेड पडल्यावर नव्हे.

सुरुवातीला त्यानं एक चूक केली. मॅट्रिक्समधल्या प्रत्येक आकड्याच्या गळ्यात मापाची चिठ्ठी बांधली. खांब वाढले की चिठ्ठ्या हजारोंनी वाढायच्या आणि कॉम्प्युटर दमून जायचा. इंद्रायणीचा स्वयंपाक होऊन, जेवणं होऊन, भांडी पालथी पडायची तरी यंत्राचं दळण चालूच, आणि शेवटी पडदा काळा. त्या दिवसांत त्रिंबकशी बोलायची सोय नव्हती.

मग एका वर्षी कापसाच्या लागवडीला तो तिच्या माहेरी आला. काळ्या रानात आधी उभ्या रेघा ओढलेल्या, मग आडव्या. जिथं रेघ रेघेला कापते तिथं फुली, आणि बायका फुलीफुलीवर सरकी टोबत चाललेल्या. इंद्रायणीही त्यांच्यात होती. त्रिंबक बांधावर बसून बघत होता. मधेच तो उठला आणि चप्पल न घालता रानात आला.

"सरकीच्या गळ्यात चिठ्ठी कशाला पायजे?" तो तिला म्हणाला. "उभी रेघ कशाची आन आडवी रेघ कशाची, एवढं ठरलं की फुलीवर काय हाय ते आपोआप कळतं. माप आकड्याचं न्हाईच. माप रेघेचं हाय."

सासूबाईंना वाटलं जावयाला ऊन लागलं. त्यांनी ताक पाठवून दिलं. त्रिंबकनं ते उभ्याउभ्या पिऊन टाकलं आणि संध्याकाळच्या एसटीनं बायकोला रानातच सोडून जालना गाठलं. इंद्रायणी रागावली, पण त्याच्या सगळ्या विद्येतली ही एक गोष्ट तिला पक्की समजली आणि तिला त्याचं फार सुख वाटलं.

दावण चालायला लागली. शेडं उभी करणारा राधाकिसन, त्रिंबकचा कॉलेजपासूनचा दोस्त, तिचं पहिलं गिऱ्हाईक आणि पहिला तक्रारदार. त्याचे आकडे घातले की दावण हमखास अडायची, कारण वाऱ्याचा जोर एका मापात आणि खांबाचा पीळ दुसऱ्याच मापात, अशी त्याच्या कागदांची तऱ्हा.

"हा प्रोग्रॅम हाय का सासू?" तो म्हणायचा. "जरा कुठं हात लावला की न्हाई म्हणती."

"सासूनं न्हाई म्हणलेलं बरं," त्रिंबक म्हणायचा. "पत्रा डोक्यात पडल्यावर कोण म्हणणार?"

पुढं इंटरनेट कॅफे निघाले तेव्हा त्रिंबकनं दावण इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवून दिली. पुण्याच्या एका कंपनीतून निरोप आला, कल्पना छान आहे, पण आमच्या पोरांना ही पावलोपावली अडवते, त्यांना घाई असते. तो हसला. "जल्दी असलेल्याला दावण नको असती, कुरण पायजे असतं." हसला खरा, पण त्या दिवशी त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. जालन्याबाहेर दावण कोणी वापरली की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

२००१ सालच्या जानेवारीत त्रिंबक न्हाणीत पडला. लकवा. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला आणि वाचा बंद झाली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी इंद्रायणीला बसवून सांगितलं, डोक्यातली शब्दांची जागा दुखावली आहे. पुढचे सहा महिने फार जपा.

महिन्याभरानं त्याचं तोंड उघडलं. मुलगी बेबीनंदा हॉस्टेलवरून आली होती, बापाचे पाय चेपत होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, ओठ जुळवले आणि म्हणाला, "बारा."

मायलेकी आनंदानं रडल्या. मग त्या वाट बघत राहिल्या. त्यानं पुन्हा बारा म्हटलं. पाणी हवं का विचारलं तर सतरा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नावं जातात, मोजणं तेवढं राहतं. इंद्रायणीला त्या वेळी देवाचाच राग आला. ज्या माणसानं उभा जन्म एका आकड्याला मापाशिवाय घराबाहेर सोडलं नाही, त्याच्या तोंडात देवानं नुसते आकडे ठेवले. दुसरा कोणता आजार सापडला नाही त्याला?

"दोन," तो म्हणायचा. ती दोन पोळ्या आणायची, दोन उशा आणायची. तो मान हलवायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि पुन्हा, "दोन." एकदा अशीच दमून ती भिंतीला टेकली, तर त्याची नजर वर लागलेली दिसली. वर पंखा होता. तिनं बटण फिरवून दोनवर आणलं. त्रिंबकनं डोळे मिटून घेतले, समाधानानं.

तेव्हा तिला कापसाचं रान आठवलं. माप आकड्याचं नसतं, रेघेचं असतं. नजर कुठं लागली ती उभी रेघ. वेळ कोणती, काय चाललंय, ती आडवी. दोन्ही जिथं कापतात तिथं आकड्याचं माप. ती बघायला शिकली. सकाळची वेळ आणि नजर चुलीकडं, तर पोळ्या. दुपारची वेळ आणि नजर रस्त्याकडं, तर एसटीची वेळ, म्हणजे आज बेबीनंदा यायची आहे. क्लासची पोरं आली आणि नजर कॉम्प्युटरकडं, तर कितवा धडा. बारा म्हणजे काय तेही मग उलगडलं. बेबीनंदाची बारावी होती त्या वर्षी.

एका संध्याकाळी तो कपाळाकडं नजर नेऊन म्हणाला, "एकशेदोन." कपाळाला हात लावला तर चटका बसला. थर्मामीटर लावला, पारा बराबर एकशेदोनवर. दवाखान्यात वेळेत नेलं म्हणून छातीतला कफ निघाला. राधाकिसन भेटायला आला तेव्हा इंद्रायणीनं त्याला हे सगळं सांगितलं. तो शेडवाला आडदांड माणूस, बाजेच्या पायथ्याशी बसून ढसाढसा रडला. "वैनी, ही तर दावणच झाली," तो म्हणाला.

घर आता तिच्या एकटीच्या पायांवर होतं. क्लास तिनंच चालवायचा, पत्रिकांचे कागद आणायचे, छापखान्यात टाकायचे, औषधं, दवाखाना. एक चप्पल अंगठ्याशी तुटली, तिनं तार ओवून घेतली. तार सुटली की पुन्हा पिळायची. दिवाळी आली आणि गेली, कोणाच्या लक्षातही आली नाही.

आणि ह्याच दिवसांत एक आकडा असा आला, की तो कुठल्याच फुलीवर बसेना. सहा.

ती बाहेर निघाली की त्रिंबक म्हणायचा, "सहा." बाज दाराजवळ, मान खाली, नजर जमिनीकडं. तिनं आधी सहा वाजता यायला सांगत असेल असं धरलं. मग ती धावतपळत सहाच्या आत परतायला लागली, तारेवर पाय मुरगळत. तरी दुसऱ्या दिवशी दारातून निघताना, "सहा." सहा गोळ्या? गोळ्या पाचच होत्या, डॉक्टरांना विचारून आली. सहा पोळ्या तर त्यानं धडधाकट असतानाही खाल्ल्या नव्हत्या. नजर जमिनीकडं, म्हणजे फरशी? फरशीत काय सहा असणार?

मग एके दिवशी डॉक्टरांचं बोलणं तिच्या मनात आलं. सहा महिने. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा त्रिंबक तिथंच खाटेवर होता, डोळे मिटून, पण ऐकत असेल. नजर जमिनीकडं. मातीकडं. आणि वेळ ती निघून जायची. नवरा आपल्याला आपली मुदत सांगतोय, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलं. डॉक्टरांचे सहा महिने केव्हाच उलटून गेले होते, पण भीतीला हिशोब कुठं कळतो? आजपासून सहा असतील, असं ती मनाशी म्हणायची. ती ह्या खोलीतून त्या खोलीत जाताना पदरानं तोंड दाबून रडायची. दारातून निघताना कान घट्ट मिटता आले असते तर तिनं मिटले असते.

तो म्हणतच राहिला. डावा हात उचलून जमिनीकडं दाखवायचा आणि म्हणायचा. एका सकाळी छापखान्यात जायचं होतं, उशीर झाला होता. दारात तारेचं टोक अंगठ्यात घुसलं, रक्त आलं. ती मट्‌कन उंबऱ्यावर बसली. तेवढ्यात मागून आलंच, "सहा. सहा."

"पुरं करा आता तुमचं सहा," ती ओरडली. "मला न्हाई ऐकायचं. पुन्हा तोंडातून काढू नका."

त्रिंबकचं तोंड उघडं राहिलं. मग त्यानं ते हळूच मिटलं. संध्याकाळी ती परत आली, त्याच्या केसांवरून हात फिरवला, मऊ खिचडी करून घातली. तो चुलीकडं बघून दोन म्हणाला, पंख्याकडं बघून तीन म्हणाला. सहा म्हणाला नाही. त्यानंतर सहा हा आकडा त्या घरात कधी ऐकू आला नाही, आणि खरं सांगायचं तर इंद्रायणीला सुटल्यासारखं झालं.

पुढं वर्षभर तो तसाच होता. २००३ च्या उन्हाळ्यात, चहा गाळून ती बाहेर आली, तेव्हा तो पंख्याकडं नजर लावून बसल्याबसल्या गेलेला होता. पंखा दोनवर होता. त्याला तीनवर हवा होता की काय, हे तिनं कितीतरी दिवस स्वतःला विचारलं.

रडणं झालं, दिवस झाले, बेबीनंदा कॉलेजला परत गेली. राधाकिसन अधूनमधून यायचा, कॉम्प्युटरवर दावण चालू करून आपल्या शेडाचे आकडे घालायचा, दावण अडली की कागद नीट लिहून आणायचा. सासू म्हणायचं त्यानं सोडून दिलं होतं. इंद्रायणी क्लास घेत राहिली. पोरांनी नुसता आकडा सांगितला की तिच्या तोंडून निघायचं, "काय?"

दिवाळीच्या तोंडावर भर बाजारात चप्पल कायमची गेली. तार ओवायलाही जागा उरली नाही. एक पाय अनवाणी, हातात तुटकी चप्पल, अशी ती समोरच्या दुकानात शिरली. वयाची चाळिशी आली होती, आणि चपलेच्या दुकानात पाऊल टाकायची ही तिची पहिली वेळ. दुकानदार काकासाहेब म्हातारे होते, बसा म्हणाले.

"नंबर काय, बाई?"

"म्हाइत न्हाई. आमचे हे आणायचे."

काकासाहेबांनी तिची जुनी चप्पल उलटी केली. तळवा झिजून आकडा पुसलेला. त्यांनी तिच्या पावलाकडं पाहिलं, अंगठ्यावरच्या जुन्या व्रणाकडं पाहिलं. मागच्या फळीवरून एक जोड काढून पुढं ठेवला. तिनं पाय घातला. पाय बराबर बसला.

"सहा नंबर लागतो तुम्हाला," काकासाहेब म्हणाले.

"काय म्हणले?"

"सहा. तुमच्या पायाला सहा."

इंद्रायणी बाकावर बसून राहिली. वेळ होती ती दारातून निघायची. नजर होती ती जमिनीकडं. पण जमिनीवर तिचे पाय होते. रोज, रोज ते पाय त्या नजरेसमोरून तारेवर चालत गेले होते. तिनं सगळ्या रेघा त्याच्याच ओढल्या होत्या, त्याची भूक, त्याची गोळी, त्याचा ताप, त्याचं मरण. आपलीही एक रेघ त्या रानात असेल, हे तिच्या मनालाच शिवलं नव्हतं. तो मरणाबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. दिवाळी आली, बाजारात जाता येत नाही, तर निदान नंबर तरी सांगावा, म्हणजे ही जाऊन घेईल, एवढंच तो सांगत होता. बेवारशी म्हणायचा ना तो चपलेच्या आकड्याला, तोच त्यानं तिच्यासाठी सांभाळून ठेवला होता. आणि तिनं त्याला गप्प केलं होतं.

ती रडायला लागली. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली तरी तिला थांबता येईना. काकासाहेब गडबडले. बिचारे खाली वाकून चपलेचा पट्टा चाचपायला लागले.

"टोचून राह्यली का, बाई? सात नंबर दाखवू का?"

"नको," इंद्रायणी म्हणाली. "सहाच द्या. ह्यांनी सांगितल्तं मला."